आधी सांग, मग लिही

सावंत मिस गाडीत बसल्या की पहिला सिग्नल यायच्या आत झोपी जात. पट्टा लावायचा, पर्स मांडीवर घ्यायची, पर्सवर डब्याची पिशवी, पिशवीवर मुलांच्या निबंधांचा गठ्ठा, आणि त्या सगळ्या डोलाऱ्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचे. कुवेतमध्ये फहाहीलहून सबाह अल-सालेमला, आमच्या शाळेपर्यंत, मी ट्रकवाल्यांच्या आणि मोठमोठ्या गाड्या उडवणाऱ्या पोरांच्या नावाने मनातल्या मनात खडे फोडत जायची आणि त्या शेजारी तोंड किंचित उघडं टाकून झोपायच्या. शाळेचं फाटक आलं की कुणी न उठवता जाग्या व्हायच्या. "इली काय शाळा? चला," म्हणायच्या आणि उतरताना एक हात गुडघ्यावर दाबायच्या.

मी गणिताची, त्या इंग्रजीच्या. मी नाशिकची, त्या कुडाळकडच्या. आमचं जमायला तसं काही कारण नव्हतं, पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला एकटीने चालवायचा कंटाळा यायचा. परदेशात बऱ्याच मैत्र्या अशाच होतात.

त्यांचे यजमान अम्गऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या कामावर होते. गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागल्यावर ते गावी जाऊन काजूच्या झाडांमागे लागले. मुलगी कोल्हापूरला डॉक्टरकी शिकत होती. मिस मात्र इथेच राहिल्या, फहाहीलच्या एका फ्लॅटमधल्या एका खोलीत. उरलेल्या दोन खोल्यांत केरळच्या नर्स होत्या आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं होतं. "पोरीची दोन वर्सां रवलीत. मगे मी सुटलंय," असं त्या म्हणत. ती दोन वर्षं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. नोकरी आहे तोवर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि इकामा आहे तोवर इथे राहायचं. नोकरी गेली की बॅगा भरायच्या.

आणि त्यांची नोकरी एका वर्गावर उभी होती. आमची शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष, आणि त्यात निवडक मुलांचा इंग्रजीचा वेगळा वर्ग, त्याला ऑनर्स म्हणतात. इंग्रजीच्या बाकी सगळ्या शिक्षिका गोऱ्या देशांतून आणलेल्या, येताना पासपोर्ट आणि उच्चार बरोबर घेऊन आलेल्या. सावंत मिस तेवढ्या एकट्या जुन्या व्यवस्थेतल्या उरल्या होत्या, कारण त्यांच्या ऑनर्सच्या वर्गाचे निकाल चांगले लागत. तो वर्ग काढून घेतला तर त्यांना ठेवायला शाळेकडे काही कारण नव्हतं. हे त्यांना माहीत होतं, शाळेला माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं.

आमच्या तेल कंपन्यांतल्या मराठी आईबापांना ऑनर्स म्हटलं की अ तुकडी आठवते. स्वतः अ तुकडीत बसूनच ते पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून इथवर आलेले असतात. त्यामुळे मूल एकदा आत शिरलं की पुढचं आपोआप होतं, अशी त्यांची ठाम समजूत. प्रवेशपरीक्षेसाठी उन्हाळाभर ट्यूशन लावतात, नाव लागलं की ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकतात, आणि मग सप्टेंबरात पालकसभेला येऊन विचारतात की आता पुढे काय.

त्या वर्षी हा प्रश्न दातारांनी विचारला. सुहास दातार, पुण्याचे, रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर. सज्जन माणूस, इस्त्रीचा शर्ट, सभेतसुद्धा टिपणं घेणारा. "मॅडम, ऑनर्समध्ये एक्झॅक्टली काय एक्स्पेक्ट करायचं?"

सावंत मिस उठल्या. त्यांचं इंग्रजी चोख, पण स्वर कुडाळचा. तो त्यांनी कधी झाकायचा प्रयत्न केला नाही. त्या म्हणाल्या, "एक जुनं नाटक आहे, दोन जाड पुस्तकं आहेत, दर आठवड्याला एक निबंध आहे. पहिल्या टर्मला मार्क खाली येतील, तेव्हा मला फोन करू नका. आणि मूल घरी प्रश्न विचारायला लागेल. त्याची तयारी ठेवा."

"कसले प्रश्न?" दातारांनी पेन उघडून विचारलं.

"ते आधी कळलं असतं तर शिकवायचं कशाला?" मिस म्हणाल्या आणि खाली बसल्या. सभेत हशा झाला. दातारही हसले. सावंत मिस मात्र चघळायची गोळी तोंडात टाकून पुढच्या पालकाकडे बघत होत्या, कारण घसा सकाळपासून बसला होता.

त्यांच्या वर्गाचा एक रिवाज होता. कुठलाही निबंध कागदावर उतरण्याआधी तो मिसना तोंडी सांगायचा. जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्या टेबलापाशी उभं राहून, आणि भाषा कुठलीही चालेल. हिंदी, मराठी, मल्याळम, अरबी, ज्या भाषेत आठवतंय त्या भाषेत. "आधी सांग, मग लिही," एवढंच त्यांचं सूत्र. त्यामुळे सुट्टीभर दारापर्यंत रांग लागलेली असे आणि मिस उभ्या उभ्या डब्यातली भाकरी तोडत ऐकत असत. त्यांनी बसून जेवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरी जाताना डब्यात अर्धी भाकरी हमखास उरलेली असे.

एकदा एका इजिप्शियन मुलाने आपल्या आजोबांच्या बेकरीची सगळी हकीकत त्यांना अरबीत सांगितली. मिसची अरबी भाजी घेण्यापुरती. तरी त्या भाकरी हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, मध्येच एकदा हात वर करून त्याला थांबवलं, तो थांबला, विचारात पडला, आणि मग दुसरंच काहीतरी बराच वेळ बोलला. नंतर मी विचारलं, "तुम्हाला काय डोंबल कळलं?"

"काय्येक नाय," त्या म्हणाल्या. "पण खय अडखळलो ता कळला. लिवक् होया ता थयच असता." लिहायचं असतं ते तिथेच असतं, एवढं त्यांना पुरे होतं.

उलट जे निबंध गुळगुळीत येत त्यांचं काही खरं नसे. हल्ली तर ट्यूशनच्या सरांचीही गरज उरलेली नाही. मोबाइलला सांगितलं की तो पानभर इंग्रजी काढून देतो, स्वल्पविरामांसकट. मिस त्यावरून आरडाओरडा करत नसत. गुन्हा सिद्ध करायच्या भानगडीत पडत नसत. निबंध वाचायच्या, त्यातलाच एक साधा प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर आलं नाही की कागद हळूच परत सरकवायच्या. "ह्यां तुझां नाय." एवढं एक वाक्य त्या वर्गातल्या लेबनॉनच्या मुलींपासून कोचीच्या मुलांपर्यंत सगळ्यांना मालवणीत येत असे. त्या पोरी एकमेकींची नवी पर्स बघूनही म्हणत, "ह्यां तुझां नाय!"

सई दातारचा पहिला निबंध असाच परत गेला.

विषय होता निरोप. कुवेतमध्ये वाढणाऱ्या मुलांना हा विषय समजावून द्यावा लागत नाही. वर्गातलं कुणी ना कुणी दरवर्षी कायमचं जातं. बापाचं कंत्राट संपतं, महिन्याभरात घरातल्या पलंग-कपाटांचे फोटो ग्रुपवर येतात, आणि मग बाकावरची एक जागा रिकामी होते. सईची मृण्मयी अशीच गेली होती. दोघी एका इमारतीत वाढलेल्या. मृण्मयी रत्नागिरीकडची, आणि सई मराठी बोलायची ती जवळजवळ तिच्याशीच. घरी आईबाप मराठीत विचारत आणि ही इंग्रजीत उत्तर देई.

निबंधात विमानतळ होता, मिठी होती, काचेवर टेकलेला हात होता, अश्रू तर होतेच. मिसनी वाचला आणि विचारलं, "तिच्या हातात काय होतं?"

सई कागदात शोधू लागली.

"बॅग? पाण्याची बाटली? काहीतरी असेलच की हातात."

कागद परत गेला.

दुसऱ्या दिवशी सई रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तशी तिने मागच्या मुलाला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्या मागच्याला, असं करता करता घंटा झाली. तिसऱ्या दिवशीही तेच. असं कितीतरी आठवडे चाललं. मी गाडीत म्हटलं, "मिस, तिला बोलवून विचारा ना सरळ."

त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "ती रोज येता. बोलना नाय, पण येता. घाई कित्याक?"

घाई दुसऱ्यांनाच होती. त्या वर्षी इंग्रजी विभागाला नव्या हेडबाई आल्या होत्या. उत्साही, हसतमुख, भिंतीभिंतीवर रंगीत तक्ते लावणाऱ्या. त्यांच्याकडे कुणा पालकाची तक्रार गेली की ऑनर्सची मुलं इंग्रजीच्या शिक्षिकेशी सुट्टीत हिंदी-मराठीत बोलतात, यासाठी आम्ही एवढी फी भरतो का. पालक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण शाळेत फक्त इंग्रजी असा नियम निघाला, सुट्टीतली रांग बंद झाली, आणि हेडबाईंनी सांगितलं की हे सांगण्याचं जे काही आहे ते वर्गात, तासाला, इंग्रजीतून होऊ दे, मी येऊन बघते. बघते म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. त्यांच्या देशातली एक शिक्षिका त्या वर्गासाठी तयार बसली होती.

स्टाफरूममध्ये ज्याने त्याने मिसना सल्ला दिला. मीही दिला. एका तासाचा तर प्रश्न, इंग्रजीत उरकून टाका, पोरीची दोन वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. सावंत मिस मान हलवत राहिल्या. वाद घालायचा तर अंगात जोर लागतो. त्यांच्याकडे तो शाळा सुटेपर्यंत उरत नसे, आणि हे सल्ले शाळा सुटल्यावरचे होते.

तो तास उत्तम झाला. हेडबाईंनी तसं लिहूनही दिलं. वर्गावर नियंत्रण चांगलं, भाषा शुद्ध, मुलांचा सहभाग भरपूर. मी फाटकाशी गाडी घेऊन उभी होते. मिस आल्या, बसल्या, पट्टा लावला. पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला, आणि माझ्या लक्षात आलं की त्या जाग्या आहेत.

"काय झालं? चांगलं झालं ना?"

"सईन् हात वर केलो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच पोरीने आपणहून हात वर केला. उभी राहिली. इंग्रजीत म्हणाली, मी निबंधात खोटं लिहिलं, मी विमानतळावर गेलेच नव्हते. आणि मग ती म्हणाली, "कारण त्या दिवशी माझी..." मराठीतच निघालं ते तिच्या तोंडून. मागच्या बाकावर हेडबाईंचं पेन थांबलं. आणि सावंत मिस म्हणाल्या, "इन इंग्लिश, सई."

"मग?" मी विचारलं.

"मगे काय. 'दॅट्स ऑल, मिस,' म्हणाली आणि बसली."

मी म्हटलं की एवढं काय त्यात, उद्या सांगेल, पोर कुठे पळून जाते. त्या फहाहील येईपर्यंत समोरच्या ट्रकच्या मागच्या बाजूकडे बघत राहिल्या. मला त्यांचा राग आला. एवढं सगळं सुरळीत झालं तरी बाईचं समाधान नाही.

सई दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे वर्गात यायची, वेळेवर, नीटनेटकी, पण तासानंतर टेबलाकडे फिरकायची नाही.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मिसचा फोन आला. "वैशाली, दातारांकडे सोडशील माका?" शिक्षिकेने असं मुलांच्या घरी जायची इथे पद्धत नाही, पण मी गाडी काढली.

दातारांना आनंद झाला. वहिनींनी पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. दातार सोफ्याच्या कडेवर बसून बोलत होते. "मॅडम, तुमचे आभार मानायचे तर शब्द नाहीत. सुरुवातीला मार्क खाली गेले तेव्हा घाबरलो होतो, पण तुम्ही सांगितलंच होतंत. आता बघा, गाडी रुळावर आली. तिची खूप इच्छा होती हो ऑनर्सची. नाही म्हणजे, आमची होती, पण तिनेही मनावर घेतलं. ती प्रवेशाची टेस्ट होती ना, नेमकं त्याच दिवशी तिची मैत्रीण निघाली गावी. ही म्हणाली, मला एअरपोर्टला जायचंय. मी म्हटलं, बाळा, मैत्रिणी काय, फोनवर भेटतात, टेस्ट एकदाच असते. ऐकलं हो तिने. एका शब्दाने उलटून बोलली नाही. आणि मिळवलंन!"

मिसनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

सई बाहेर आली, वाकून नमस्कार वगैरे केला. मिस तिला म्हणाल्या, "बस गो. आता सांग. हय कोण नाय आयकणारां."

सईने बापाकडे बघितलं, मग मिसकडे. आणि अगदी अदबीने म्हणाली, "इट्स ओके, मिस. आय चेंज्ड द टॉपिक. रीसायकलिंगवर लिहिलंय."

"रीसायकलिंग हॉट टॉपिक आहे," दातार म्हणाले.

परत येताना मिसनी एवढंच म्हटलं, "शहाणी पोर. मी शिकवलंय तसाच केल्यान."

पुढच्या आठवड्यात त्या हेडबाईंकडे गेल्या आणि सुट्टीतली रांग परत मागितली. भाषा कुठलीही, पूर्वीसारखी. हेडबाई गोड हसून नाही म्हणाल्या. मग मिसनी सांगितलं की तसं असेल तर हा वर्ग दुसऱ्या कुणाला द्या. हेडबाई चकित झाल्या. हातात आलेला वर्ग, चांगला शेरा मिळालेला, असा कुणी सोडतं का? कारण विचारलं तर मिस म्हणाल्या, मी दमलेय. तेच कारण कागदावर चढलं. खोटंही नव्हतं.

मला कळलं तेव्हा मी गाडी कडेला थांबवून भांडले. पोरीचं काय, दोन वर्षांचं काय, एका दातारांच्या मुलीसाठी हा कसला हट्ट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिका गप केलंय तो आवाज माजोच होतो गो. तो घेऊन त्याच वर्गात रोज कसा उभ्या रवाचा?" मग निबंधांचा गठ्ठा नसलेल्या मोकळ्या पिशवीवर हात ठेवून त्या झोपल्या. किंवा झोपेचं सोंग घेतलं असेल.

उरलेलं वर्ष त्या कच्च्या मुलांना व्याकरण शिकवत होत्या. सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून जेवायच्या. डबा पूर्ण संपायचा, पण बाईंची तब्येत काही सुधारली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेने कळवलं की पुढच्या वर्षाचं कंत्राट होणार नाही. मुलीने कोल्हापुरात संध्याकाळचं मुलांना शिकवायचं काम धरलं, यजमानांनी काजूच्या जमिनीचा एक तुकडा विकायला काढला. मिसनी हे मला अगदी हवापाण्यासारखं सांगितलं.

त्यांचं विमान दुपारचं होतं. बाहेर धूळ उडत होती आणि ऊन असं की गाडीच्या दाराला हात लाववत नव्हता. सामान फार नव्हतं. दोन बॅगा, एक खोका, आणि नर्स मुलींनी दिलेला केळ्याच्या वेफर्सचा पुडा. मी ट्रॉली ढकलत होते आणि उगीच वजनाविषयी बोलत होते.

आत जायच्या दारापाशी सई उभी होती. एकटीच. दातार लांब पार्किंगमध्ये गाडीत बसले होते, असं तिने मला नंतर सांगितलं. त्यांना तिने आणायला लावलं होतं.

"ट्यूशन नाही आज?" मिसनी विचारलं.

"आहे," सई म्हणाली.

सावंत मिस तिला जा म्हणाल्या नाहीत. हातातली पर्स त्यांनी माझ्याकडे दिली आणि उभ्या राहिल्या, तशाच, टेबलापाशी उभ्या राहायच्या तशा. सई बोलायला लागली. मराठीत. तिची मराठी वर्षभरात गंजली होती, क्रियापदं कुठल्या कुठे जात होती, मध्येच इंग्रजी येत होतं. "त्या दिवशी टेस्टला मला खिडकीजवळ बसवलेलं, मिस. बाहेर प्लेन्स जात होते. एव्हरी प्लेन, मला वाटायचं हेच मृण्मयीचं. आणि मी... मी सगळी आन्सर्स बरोबर लिहिली. दॅट्स द थिंग. मला रडू पण नाही आलं. मी वर बघायची, प्लेन जायचं, आणि मी परत खाली बघून बरोबर आन्सर लिहायची. पप्पा म्हणाले, शाबास. मी असं कसं केलं, मिस?"

एवढं बोलून ती अडखळली. मी घड्याळ बघितलं. काउंटर बंद व्हायची वेळ होत आली होती, म्हणून मी "मिस, अहो मिस," म्हणत ट्रॉली थोडी पुढे रेटली. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात उभा करून मला थांबवलं.

"मगे?" त्या सईला म्हणाल्या. "सांग गो. आयकतंय मी."